थीसिसच्या लांब वाक्यात ‘जो-जी-जे’ नीट कसे बसवायचे

एमए-पीएचडीचे चॅप्टर वाचताना खरी दमछाक कुठे होते, तर ‘ज्या’ म्हणजे नक्की कोण हेच कळत नाही तिथे. वाक्य लांब असलं तरी काही बिघडत नाही, मराठीला लांब वाक्य छान पेलतं, फक्त ‘जो’ आला की त्याचं नाम त्याला चिकटून हवं आणि पुढे त्याच्या जोडीचा ‘तो’ यायलाच हवा.

रोजगार हमीवरच्या थीसिसमधलं वाटेल असं एक वाक्य घेऊ: ‘महिलांच्या संघटना, ज्या रोजगार हमीच्या कामांवर सक्रिय होत्या, त्यांनी मजुरीवाढीची मागणी केली.’ आता सक्रिय कोण, महिला का संघटना? दोन्ही स्त्रीलिंगी अनेकवचनी, त्यामुळे ‘ज्या’ दोघींनाही लागतो. उपाय एकदम सोपा, ज्या उचलायचा आणि नामाच्या आधी ठेवायचा. ‘महिलांच्या ज्या संघटना कामांवर सक्रिय होत्या, त्यांनी...’ किंवा ‘ज्या महिला कामांवर सक्रिय होत्या, त्यांच्या संघटनांनी...’ संपला गोंधळ. बोलताना आपण असंच बोलतो, लिहायला बसलो की मात्र इंग्रजी पेपरसारखं नाम आधी, स्वल्पविराम, मग ज्या असं सुरू होतं.

या जागेने अर्थसुद्धा बदलतो, आणि रिसर्चमध्ये हे फार महत्त्वाचं आहे. ‘ज्या मजुरांना वेळेत मजुरी मिळाली नाही, ते शहरात गेले’ म्हणजे फक्त तेवढेच गेले. ‘मजूर, ज्यांना वेळेत मजुरी मिळाली नाही, ते शहरात गेले’ असं लिहिलं तर सगळ्याच मजुरांना मिळाली नाही आणि सगळेच गेले असं वाचलं जाऊ शकतं. तुमचा डेटा यातलं काय सांगतो ते बघून मगच लिहा.

नुसती जादा माहिती द्यायची असेल तर जो वापरूच नका. ‘ही योजना, जी १९७२ च्या दुष्काळात राज्यभर सुरू झाली, जिचा कायदा १९७७ साली झाला, जो १९७९ पासून लागू झाला, ती...’ इथपर्यंत येताना योजनेचं काय म्हणायचं होतं तेच विसरायला होतं. सरळ तोडा: ‘१९७२ च्या दुष्काळात ही योजना राज्यभर सुरू झाली. तिचा कायदा १९७७ साली झाला आणि १९७९ पासून तो लागू झाला.’ मग तुमचा मुद्दा.

‘-लेला’, ‘-णारा’ने वाक्य आखूड होतं, मलाही ती रूपं आवडतात, पण जपून. ‘मुलाखत घेतलेले मजूर’ यात मुलाखत मजुरांनीच घेतली असंही वाटतं, तिथे ‘ज्या मजुरांच्या मुलाखती घेतल्या, ते’ हेच बरं. ‘काम मागणारे मजूर’ यात काळ कळत नाही, मागितलं की मागतात? ‘ज्यांनी काम मागितले’ लिहिलं की प्रश्न मिटतो. आणि एका नामामागे तीन-तीन ‘-लेल्या’ची रांग लावू नका, वाचणारा नामापर्यंत पोचेस्तोवर पहिलं विसरतो.

लिंग-वचनही तपासा, योजना असेल तर ‘ज्यामध्ये’ नाही, ‘जिच्यामध्ये’.

सबमिट करायच्या आधी प्रिंट काढून प्रत्येक जो-जी-जे-ज्याला गोल करा, तिथून त्याच्या नामाकडे एक बाण, त्याच्या तो-ती-ते कडे दुसरा. नामाकडे जाणारा बाण मध्येच दुसऱ्या नामावरून उडी मारून जात असेल तर ते वाक्य पुन्हा लिहा.