युक्का थंडीने मरत नाही: या चुका टाळा

बर्फ पडणाऱ्या भागात युक्का, म्हणजे तलवारीसारख्या पानांचं झाड, लावला की दर हिवाळ्याआधी ठरलेला प्रश्न येतो: याला झाकायचं कशाने? आणि बर्फ वितळला की दुसरा: झाकला होता, तरी मेला कसा? झाकला म्हणूनच मेला.

याच्या जाती अनेक. त्यातला युक्का ग्लॉका कॅनडातल्या अल्बर्टापर्यंत रानात उगवतो आणि उणे ३० अंश निमूटपणे सोसतो. युक्का फिलामेंटोसाही उणे २५ च्या आसपास तग धरतो. यांना थंडीपेक्षा ओल जास्त मारते. पाणी पानांच्या बेचक्यांतून गाभ्यात उतरतं, रात्री गोठतं, दुपारी वितळतं, पुन्हा गोठतं. पेशी फाटतात, मग बुरशीला मोकळं रान मिळतं.

ओळखीतल्या एका गृहस्थांचा फिलामेंटोसा कित्येक हिवाळे उघड्यावर ठणठणीत उभा होता. एका वर्षी कडाक्याच्या थंडीचा अंदाज ऐकून त्यांनी तो प्लॅस्टिकमध्ये गुंडाळला, आत वाळका पाला कोंबला आणि खालून सुतळी आवळली. "राहू द्या हो, त्याला सवय आहे," म्हणून सांगितलं, पण काहीच न करता बसणं काही लोकांना जमतच नाही. ऊन पडलं की आतून वाफ धरायची आणि थेंब सरळ गाभ्यात. प्लॅस्टिक सोडलं तेव्हा आंबूस वास आला. मधलं एक पान धरून हलकेच ओढलं, तर अख्खा गाभा हातात आला. बुडाशी तपकिरी, बुळबुळीत. ते फावडं आणायला निघाले. मी थांबवलं. सडका भाग पांढरा, टणक गर लागेपर्यंत कापला, तोंड उघडं ठेवून वाळू दिलं आणि पाणी बंद. जमिनीखालची जाड मुळं शाबूत होती. उन्हाळ्यात कडेने फुटवे आले. मधल्या काळात गृहस्थ सारखे उकरून बघायचे, त्यात एखादा कोंब मोडला असणारच.

मी झाकत नाही. वाफा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच करते, मातीत निम्मी जाडसर खडी मिसळते आणि झाडाच्या मानेभोवती, म्हणजे ते मातीतून वर येतं तिथे, नुसत्या खडीचा थर देते. तिथे शेणखत, लाकडाच्या सालींचा भुगा, पाला यातलं काही नको. हिवाळाभर पाऊसच असेल तर वर एक तिरका पत्रा, चारही बाजू उघड्या. बर्फाखाली पानं भुईसपाट झाली तर घाबरून छाटू नका. ती बहुतेक आपोआप उठतात.

दुसरी चूक माझ्या डोक्यात जाते: आपल्याकडे कोणता युक्का आहे हेच ठाऊक नसणं. उसाच्या कांड्यांसारखी जाड, कापलेली खोडं आणि वर हिरवे झुपके, पानांची टोकं बोचत नाहीत, तर तो युक्का एलिफंटाइप्स. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला, घरात ठेवायचा. उन्हाळ्यात बाहेर छान वाढतो, म्हणून लोक तो जमिनीत लावून टाकतात. पहिल्या गोठवणाऱ्या थंडीत तो काळा पडतो आणि मग 'युक्का आमच्याकडे येत नाही' असा निकाल लागतो.

लेबलवर फार विसंबू नका, पानाची कड बघा. पान उजेडात धरा. कडेला कुरळे, पांढरे दोरे सुटलेले आणि पान रुंद, तर फिलामेंटोसा. पान लवचीक, मधून वाकलेलं आणि दोरे बरेचसे सरळ, तर फ्लॅसिडा. या दोघांची नर्सरीत इतकी सरमिसळ झालीय की त्यावरून भांडण्यात अर्थ नाही, दोन्ही थंडीला टिकतात. बोटभरही रुंद नसलेलं, ताठ, पांढरी कड आणि बारीक दोरे असलेलं पान ग्लॉकाचं. कडेवरून बोट उलटं फिरवल्यावर करवतीसारखं लागलं, तर अलोइफोलियाची शंका घ्या. तो कडक थंडीचा गडी नव्हे. निळसर पानं, पिवळी आणि अगदी बारीक दातेरी कड हा रोस्ट्राटा. कोरड्या थंडीत तो चांगला टिकतो, ओल्या थंडीत जपावं लागतं. आणि ज्याला 'लाल युक्का' म्हणून विकतात तो हेस्परॅलो, खरा युक्काच नव्हे. त्याच्याही कडेला दोरे असतात, म्हणून फसायला होतं, पण पानाच्या टोकाला काटा नसतो आणि फुलं कोरल-लाल, नळीसारखी.

बाकीच्या चुका थोडक्यात. पानगळीच्या सुमारास नवं रोप लावू नका; वसंतात लावा, मुळांना अख्खा उन्हाळा मिळू दे. फूल लवकर यावं म्हणून खत ओतू नका. मऊ वाढ होते आणि तीच आधी सडते. बियाण्यातून लावलेल्या रोपाला फुलायला बरीच वर्षं लागतात, घाई असेल तर झेंडू लावा. खाली वाकून तण काढताना चष्मा घाला, टोकं डोळ्याच्या उंचीवर येतात. फुललेला झुपका नंतर मरतो म्हणून झाड उपटू नका, बाजूचे फुटवे पुढे चालवतात.

जागा मात्र आधीच नक्की करा. जुना फिलामेंटोसा खणून हलवला तरी जमिनीत राहिलेले मुळांचे तुकडे पुन्हा फुटतात, आणि तिथे गुलाब लावलेला असेल तर पुढची काही वर्षं गुलाबाच्या बुंध्यातून टोकदार पानं उपटत बसावं लागतं.

फळ धरत नाही म्हणून खत-औषधाकडे वळू नका. युक्काचं परागीभवन त्याचा खास पतंग करतो आणि तो अमेरिका खंडाबाहेर नसतो. हवंच असेल तर संध्याकाळी फुलं उघडल्यावर चिकट पराग काडीने उचलून दुसऱ्या झाडाच्या फुलातल्या कुक्षीच्या खळगीत नीट दाबून बसवा. वरून नुसता कुंचला फिरवून काही होत नाही.