सिएटलमध्ये मत देताना वृत्तपत्रांची शिफारस कशी वाचावी

मतपत्रिका टपालाने घरी आली की लगेच खुणा करू नका. आधी 'सिएटल टाइम्स' आणि 'द स्ट्रेंजर' या दोन स्थानिक पत्रांच्या, कोणाला मत द्यावं याबद्दलच्या शिफारशी शेजारीशेजारी ठेवून वाचा. पहिल्याचा कल मध्यममार्गी, व्यापारउदिमाकडे. दुसरा उघड डावा. 'टाइम्स'मधली ही मतं संपादकीय मंडळाची असतात, बातमीदारांची नव्हेत, हे आपल्याकडच्या नव्या मतदारांना मी आवर्जून सांगते.

नावापेक्षा कारणं वाचा. विशेषतः नाकारलेल्या उमेदवाराबद्दलचा परिच्छेद. खरी माहिती तिथेच सापडते. घरभाडं, पोलीस, बससेवा यांवर तो नेमकं काय म्हणाला? मुद्दे वहीत टिपा आणि काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, मतदार पुस्तिकेतल्या त्याच्याच निवेदनाशी ताडून पाहा. देणगीदारांची यादीही सार्वजनिक असते, तीही चाळा.

घरी येणाऱ्या पत्रकांवर शिफारशीतलं अर्धंच वाक्य मोठ्या अक्षरांत छापतात. मूळ लेख उघडा, तारीख बघा: ऑगस्टच्या प्राथमिक फेरीतली शिफारस नोव्हेंबरपर्यंत टिकली आहे का?

दोन्ही पत्रांनी एकच नाव सुचवलं, तर मी त्या उमेदवाराकडे जास्त लक्षपूर्वक बघते. मग लिफाफ्यावर सही करायची आणि मतपेटीत टाकायचा.