पीएस ३ वर डाउनलोड करण्यासारखे, डिस्कच्या गठ्ठ्यात न सापडणारे गेम

नाशिकच्या एम.जी. रोडवर पीएस ३, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन ३ या टीव्हीला जोडायच्या गेम-यंत्राच्या जुन्या डिस्क मागितल्या की बहुतेक वेळा तेच समोर येतं: क्रिकेट, फुटबॉल, मारामारी, गाड्यांच्या शर्यती. या यंत्राचे सगळ्यात वेगळे गेम त्या गठ्ठ्यात सापडत नाहीत, कारण ते मुळात डाउनलोडसाठीच काढलेले होते. ते मिळतात यंत्रातल्या प्लेस्टेशन स्टोअरवर. सोनीने हे स्टोअर जुलै २०२१ मध्ये बंद करायचं जाहीर केलं होतं; पण त्याआधीच, एप्रिलमध्ये, निर्णय मागे घेतला. बाकीच्या गेम-यंत्रांच्या स्टोअरचं नशीब एवढं चांगलं नव्हतं. निन्टेन्डोच्या 'वी' या यंत्राचं दुकान जानेवारी २०१९ मध्ये मिटलं, त्यांच्याच थ्रीडीएस आणि वी यूचं मार्च २०२३ मध्ये, मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० चं जुलै २०२४ मध्ये. म्हणून घ्यायचं असेल ते पुढच्या दिवाळीच्या सुट्टीवर ढकलू नका.

सेकंडहँड यंत्र असेल तर आधी एक गोष्ट तपासा. मेनूत गेमच्या रांगेत 'पॅकेज मॅनेजर' असं काही दिसत असेल, तर ते जेलब्रेक केलेलं, म्हणजे कंपनीची कुलपं तोडून चोरीचे गेम चालतील असं केलेलं आहे. असं यंत्र गेम भरूनच विकलं जातं, तेव्हा स्वस्त पडल्यासारखं वाटतं. पण त्यावरून स्वतःच्या खात्यात शिरलात तर खातंच कायमचं बंद होऊ शकतं, आणि विकत घेतलेलं सगळं त्याच्यासोबत जातं. असं यंत्र ऑफलाइनच ठेवा.

पुढची अडचण नेटची. पीएस ३ चं वाय-फाय जुन्या पद्धतीचं आहे; त्याला फक्त २.४ गिगाहर्ट्झ दिसतं. नव्या फायबर राउटरचं ५ गिगाहर्ट्झ नेटवर्क यादीत येणारच नाही, आणि राउटरवर फक्त डब्ल्यूपीए ३ सुरक्षा असेल तर जोडणी होत नाही. राउटरमध्ये २.४ ला वेगळं नाव आणि डब्ल्यूपीए २ द्या. त्याहून सोपं म्हणजे लॅन केबल. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांसारखं जाड भिंतींचं घर असेल आणि राउटर ओटीवर, टीव्ही माजघरात, तर केबलशिवाय डाउनलोड अर्ध्यावर अडकत राहील.

लॉगिन करताना पासवर्ड बरोबर असूनही 'चुकीचा' दाखवला, तर बहुतेक वेळा खात्यावर दोन टप्प्यांची पडताळणी चालू असते. जुन्या यंत्राला मोबाइलवरचा कोड विचारताच येत नाही. कॉम्प्युटरवर खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन 'डिव्हाइस सेटअप पासवर्ड' तयार करा आणि नेहमीच्या पासवर्डच्या जागी तो टाका. पडताळणी बंद करण्याची काही गरज नाही.

पैशांचं गणितही बदललंय. ऑक्टोबर २०२१ पासून या यंत्रावर कार्ड चालत नाही. मोबाइल किंवा कॉम्प्युटरवरून खात्याच्या वॉलेटमध्ये रक्कम भरायची, मग यंत्रावर येऊन त्यातून खरेदी करायची. गिफ्ट कार्डही चालतं, पण खातं ज्या देशाचं, कार्ड त्याच देशाचं हवं. पूर्वी कुणीतरी अमेरिकेचा पत्ता टाकून खातं काढून दिलं असेल, तर रुपयांचं कार्ड त्यात जाणार नाही आणि खात्याचा देश नंतर बदलता येत नाही. वॉलेट ठरावीक रकमांतच भरता येत असल्यामुळे आधी स्टोअरमध्ये गेम नावाने शोधा, किमती कागदावर लिहा, बेरीज करा आणि मगच पैसे भरा. नाहीतर थोडेसे रुपये कायमचे तिथे पडून राहतात.

आता जागा. डाउनलोड आणि इन्स्टॉल या दोन वेगळ्या पायऱ्या असल्याने गेमच्या साधारण दुप्पट जागा मोकळी लागते. दोन जीबीच्या गेमला चार धरा. पीएस ३ च्या सुपर स्लिम या शेवटच्या, बारीक आवृत्तीचं १२ जीबीवालं मॉडेल असेल तर इथेच घोडं अडतं. त्यात लॅपटॉपची अडीच इंची साटा ड्राइव्ह बसते, पण तिच्यासाठी धातूची वेगळी पट्टी लागते. ड्राइव्ह घेताना पट्टीही मागून घ्या, मागाहून शोधायला त्रास होतो. बाहेरच्या यूएसबी ड्राइव्हवरून हे गेम चालत नाहीत.

डाउनलोड चालू असताना वीज गेली तर घाबरू नका. पुन्हा चालू केल्यावर यंत्र फाइल सिस्टम तपासायला सांगेल. ते होऊ द्या. त्यानंतरही मेनू अडखळला तर यंत्र बंद करा, पॉवरचं बटण दाबून धरा, ते चालू होऊन परत बंद होईपर्यंत सोडू नका. पुन्हा दाबून धरा. दोन झटपट बीप ऐकू आल्या की सोडा. सेफ मोडमधून 'रिबिल्ड डेटाबेस' निवडा. गेम जात नाहीत. शेजारचा 'रिस्टोअर पीएस ३ सिस्टम' मात्र चुकूनही निवडू नका, त्याने सगळं पुसलं जातं. पैसे कापले गेले आणि गेम दिसत नसेल तर अकाउंट मॅनेजमेंटमधल्या ट्रान्झॅक्शन मॅनेजमेंटमध्ये 'डाउनलोड लिस्ट' असते. तिथून तो पुन्हा फुकट उतरवता येतो.

एकच गेम घ्यायचा असेल तर पिक्सेलजंक मॉन्स्टर्स घ्या. क्योतोच्या क्यू-गेम्सने २००८ च्या सुमाराला काढलेला. जंगलातल्या एका झोपडीत वीस पिल्लं, आणि वाटेने येणारी राक्षसांची रांग. झाडाजवळ जाऊन त्याचा बुरूज करायचा. शत्रू मेला की नाणी पडतात, ती स्वतः धावत जाऊन उचलावी लागतात, आणि थोड्या वेळात ती नाहीशी होतात. नवखा माणूस हमखास करतो ती चूक म्हणजे तोफांचेच बुरूज उभारणं. तोफ जमिनीवरच्यांनाच मारते. उडणारी लाट आली की ती सरळ डोक्यावरून जाते आणि पिल्लं एकेक करून संपतात. बाणांचा बुरूज दोन्हीकडे चालतो. सुरुवात त्यानेच करा आणि हवाई बुरूज झोपडीच्या जवळ ठेवा. बुरुजाजवळ उभं राहिलं की आपला गडी नाचायला लागतो आणि नाचाने बुरूज हळूहळू बळकट होतो. नाण्यांच्या मागे सतत धावलात तर नाच राहून जातो, नाचत बसलात तर नाणी जातात. सगळा गेम या ओढाताणीत आहे. म्हणून दोघांनी खेळा, एकाने गोळा करायचं, दुसऱ्याने नाचायचं. एकही पिल्लू न गमावता टप्पा पार केला की इंद्रधनुष्य मिळतं, आणि पुढचे भाग उघडायला ते लागतं. दिसायला बाळबोध आहे, पण मधल्या पातळीवरच मोठ्यांचा घाम काढतो.

त्याच कंपनीचा पिक्सेलजंक शूटर (२००९) त्यामानाने सोपा: छोटं यान, गुहेत अडकलेले लोक, आणि खरोखर वाहल्यासारखे वाहणारे पाणी आणि लाव्हा. पाणी लाव्ह्यावर सोडलं की खडक होतो. यान तापलं तर पाण्यात बुडवा. गोळी झाडण्याआधी माणूस कुठे उभा आहे ते बघा. इथे आपल्याच गोळीने माणसं मरतात.

टोकियो जंगल (२०१२) हा सगळ्यात विचित्र. जपानमध्ये याची डिस्क आली, युरोप-अमेरिकेत मात्र डाउनलोड. माणसं नाहीशी झालेल्या टोकियोत तुम्ही एक पॉमेरेनियन. आपल्याकडे घराघरात सोफ्यावर बसलेला तोच, इथे शिकार करून जगतो. भुकेची पट्टी सतत उतरते आणि वयही वाढत राहतं, त्यामुळे एकाच जागी बसून चालत नाही. गवतात दबा धरा, लहान सावज मागून गाठा, मोठ्यांच्या वाटेला जाऊ नका. परिसरात खुणा करून तो आपला केला की जोडीदार मिळतो. इथे घाई नडते: पोटभर खाऊन दर्जा वाढवल्यावर चांगला जोडीदार मिळतो, पिल्लं जास्त होतात, आणि तीच भावंडं पुढे तुमचे जादा जीव असतात. फाटका जोडीदार पत्करलात तर वंश दुबळा होतो. विषारी धुराच्या भागातून लगेच बाहेर पडा. हरीण निवडलंत तर अन्न पळत नाही, पण एका भागातलं संपलं की लांब चालावं लागतं. गोष्टीचे भाग एकदम उघडत नाहीत; नुसतं जगून दाखवायच्या 'सर्व्हायव्हल' प्रकारात सापडणाऱ्या फाइली गोळा केल्यावरच उघडतात. रक्त दिसतं, त्यामुळे अगदी लहान मुलांना नको.

ज्यांना रिमोटशिवाय काही हातात धरवत नाही, त्यांना एकोक्रोम (२००८) द्या. पांढऱ्यावर काळ्या रेघा, चालणारी एक बाहुली, आणि तुम्ही फक्त दृश्य फिरवायचं. दोन कडा जोडल्यासारख्या दिसल्या की त्या जोडलेल्या असतात; खड्डा खांबाआड लपला की तो उरत नाही. अडलात तर बाहुलीकडे बघणं थांबवा आणि नुसतं चित्र फिरवून जुळणाऱ्या कडा शोधा. द लास्ट गाय (२००८) मध्ये खऱ्या शहरांचे वरून काढलेले फोटो हेच मैदान. वाचलेल्या माणसांची शेपटी घेऊन सुटकेच्या जागी पोचायचं. शेपटी राक्षसाला लागली की तुटते, म्हणून पहिल्या फेऱ्या छोट्या ठेवा. नुसत्या हाणामारीची हौस असेल तर सुपर स्टारडस्ट एचडी (२००७): अंगावर येणारे बर्फाचे, दगडाचे आणि सोन्याचे गोळे, प्रत्येकाला वेगळं हत्यार. दगडासाठीच्या हत्याराने बर्फ फोडत बसलात तर लवकर घेरले जाल.

दोघांनी खेळायचं तर दुसरा कंट्रोलर लागेल. त्याला मोबाइलची हल्लीची केबल चालत नाही, मिनी-यूएसबी लागते, आणि काही स्वस्त केबल फक्त चार्ज करतात, जोडणी करत नाहीत. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या कंट्रोलरची बॅटरी फुगलेली असू शकते. कवच मधून उघडल्यासारखं दिसलं तर चार्जिंगला लावू नका, बॅटरी बदला. मे महिन्यात यंत्र बंद कपाटात ठेवून दोन-दोन तास खेळू नका, मागे वीतभर जागा सोडा.

एक खातं गेमसाठी दोनच पीएस ३ वर चालू ठेवता येतं. यंत्र विकण्याआधी अकाउंट मॅनेजमेंटमधून ते आठवणीने डिअॅक्टिव्हेट करा, नाहीतर दोनातली एक जागा दुसऱ्याच्या घरात अडकून बसेल.