गावठी औषधांची पाहणी: घरात बसून काय आणि कसं विचारायचं

वाई, कोरेगाव किंवा तासगावकडच्या गावात ‘तुम्ही आयुर्वेदिक औषध घेता का?’ असं विचारलं, की ‘नाही’ असंच उत्तर येतं. आत चुलीवर अडुळशाचा काढा उकळत असला तरी. काढा, लेप, पुडी यांना लोक औषधात धरतच नाहीत. म्हणून विचारा: ‘गेल्या 15 दिवसांत घरात कुणाला काय झालं, आणि त्यावर काय काय केलं?’

डेअरीला दूध घालून माणसं घरी आली की जा. हळद शिजवायच्या दिवसांत जाऊच नका. सासू-सुनेशी जमलं तर वेगवेगळं बोला, एकमेकींसमोर दोघीही हातचं राखून बोलतात.

मग ‘आजी, औषधांची पिशवी दाखवता का?’ म्हणा. प्रत्येक औषधापुढे लिहा: काय, कुणाकडून, किती, किती दिवस, सोबत कोणत्या गोळ्या. ‘एक चमचा’ म्हटलं तर तो चमचा बघा. चहाचा आणि जेवणाचा यांत जवळपास तिपटीचा फरक पडतो. सोबतच्या गोळ्या तर कधीच गाळू नका. मधुमेहाच्या गोळीवर रोज कारल्याचा रस चालू असेल तर साखर फार खाली येऊ शकते, आणि डॉक्टरांना रसाचा पत्ताच नसतो. होमिओपॅथीच्या पांढऱ्या गोळ्यांनाही बरेच जण आयुर्वेदिकच म्हणतात. त्या वेगळ्या नोंदवा.

डबीवर उत्पादकाचा परवाना क्रमांक, बॅच, मुदत आणि घटक आहेत का पाहा. खरी काळजी बिनलेबलच्या सांधेदुखीच्या पुडीची. दोन दिवसांत दुखणं पार थांबलं, भूक वाढली, चेहरा गोल झाला असं सांगितलं, तर आत स्टेरॉइड असल्याचा दाट संशय घ्या. ‘फेकून द्या’ मात्र म्हणू नका. महिनोन्महिने घेतलेलं स्टेरॉइड एकदम बंद केलं की रक्तदाब कोसळतो, जिवावर बेततं. पेशंटला पुडीसकट त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा.

गुळवेल घेत असतील तर वेल दाखवायला सांगा. खोडावर बारीक गाठी-पुटकुळ्या असतील आणि कापल्यावर दुधी चीक येत असेल, तर ती औषधातली गुळवेल नव्हे, तिच्याच कुळातली दुसरी वेल आहे.

‘विश्वास आहे का?’ या प्रश्नातून हाती काही लागत नाही. ‘कावीळ झाली तर आधी कुठं जाता, आणि किती दिवस वाट बघून दवाखाना गाठता?’ हे विचारा, दिवसांचा आकडा लिहून घ्या. नोंद पुरी होईस्तोवर चूक-बरोबर सांगू नका, नाहीतर पिशवी पुन्हा आत जाते. सर्पदंशाला मात्र हा नियम नाही: ‘आधी मांत्रिक’ असं उत्तर आलं, की तिथंच सांगा, विष उतरवणारी लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, आणि जवळचा असा दवाखाना कोणता ते लिहून द्या.