रात्रीच्या प्रवासात मागच्या गाडीचा झोत आरशातून डोळ्यांवर येऊ नये म्हणून

रात्रीच्या वेळी दुपदरी महामार्गावर मागून येणाऱ्या उंच गाडीने अपर, म्हणजे दिव्यांचा दूरवर जाणारा उंच झोत, लावून ठेवलेला असला, की तिच्या दिव्यांचा झोत मागच्या काचेतून थेट आतल्या आरशावर पडतो आणि तेथून चालकाच्या डोळ्यांत शिरतो. दिपलेल्या डोळ्यांना कडेने चालणारा माणूस किंवा मागचे दिवे नसलेला उसाचा ट्रॅक्टर पुन्हा नीट दिसू लागेपर्यंत काही सेकंद जातात, आणि ताशी 80 किलोमीटर वेगाने धावणारी गाडी दर सेकंदाला सुमारे 22 मीटर अंतर कापत असते. या त्रासावरचा पहिला उपाय बहुतेक गाड्यांमध्ये कारखान्यातूनच बसवून आलेला असतो. तरीही अनेक चालक तो न वापरता आरसाच छताकडे वळवून टाकतात आणि मागचे काहीही न पाहता गाडी चालवतात, हे फार धोक्याचे आहे.

हा उपाय म्हणजे आतल्या आरशाच्या खालच्या कडेला असलेला छोटा खटका. या आरशाची काच सपाट दिसत असली तरी ती एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला पातळ अशी पाचरीच्या आकाराची असते, त्यामुळे तिचा पुढचा पृष्ठभाग आणि मागचा चकचकीत मुलामा एकमेकांना समांतर नसतात. दिवसा आपण मुलाम्यावरून परावर्तित झालेले प्रतिबिंब पाहतो, ज्यात आरशावर पडलेला बहुतांश प्रकाश परत येतो. खटका ओढल्यावर आरसा किंचित कलतो, मुलाम्यावरचे तेजस्वी प्रतिबिंब डोळ्यांपासून दूर जाते आणि आपल्याला केवळ काचेच्या पुढच्या पृष्ठभागावरचे, म्हणजे जेमतेम चार टक्के प्रकाशाचे प्रतिबिंब दिसते. मागच्या गाडीचे दिवे ओळखण्यास तेवढे पुरेसे असते. मात्र त्या अंधुक चित्रात गाडीचा आकार आणि अंतर यांचा अंदाज कमी येतो, म्हणून मार्गिका बदलण्यापूर्वी बाजूचे आरसे पाहणे आवश्यक आहे.

आरसा लावण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. गाडी उभी असताना नेहमीच्या बैठकीत, पाठ टेकवून बसावे. खटका दिवसाच्या स्थितीत, म्हणजे बहुतेक गाड्यांत पुढच्या काचेच्या बाजूला ढकललेला ठेवावा. आणि मागची संपूर्ण काच दिसेल असा आरसा हाताने बसवावा. त्यानंतरच रात्रीसाठी खटका आपल्याकडे ओढावा. खटका आधीच ओढलेला असताना आरसा हाताने फिरवून मागची काच स्पष्ट दिसेल असा बसवला, तर झोत पुन्हा मुलाम्यावरूनच डोळ्यांत येतो आणि खटक्याचा उपयोग राहत नाही. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही: रात्रीच्या स्थितीत मुलाम्याचे तोंड गाडीच्या छताकडे असते, त्यामुळे आतला दिवा लावलेला असल्यास उजळलेले छत त्या अंधुक चित्रावर पसरते आणि मागचे जवळजवळ काहीच दिसत नाही. मागे बसलेल्यांना दिवा हवाच असेल, तर तो थोडाच वेळ लावण्यास सांगावे.

काही गाड्यांत खटक्याऐवजी आपोआप गडद होणारा आरसा असतो. त्यातील एक संवेदक बाहेरचा अंधार आणि दुसरा मागून येणारा झोत मोजतो, आणि विद्युतप्रवाहामुळे काचांमधील द्रव्याचा रंग गडद होतो. या संवेदकांसमोर फास्टॅगचे स्टिकर, टांगलेली माळ किंवा मूर्ती येणार नाही याची काळजी घ्यावी. आरसा पुसताना फवारा आरशावर न मारता कापडावर मारावा, कारण कडेतून आत शिरलेला द्रव आरसा खराब करू शकतो.

बाजूच्या आरशांना सहसा असा खटका नसतो. तेथे कोनच कामाला येतो. उजवा आरसा लावताना डोके चालकाच्या खिडकीजवळ न्यावे आणि आपल्या गाडीची बाजू आरशाच्या कडेला जेमतेम दिसेल इतका तो बाहेर वळवावा. डाव्या आरशासाठी दोन्ही आसनांच्या मधोमध झुकून तसेच करावे. सरळ बसल्यावर आपली गाडी आरशात दिसेनाशी होते, शेजारची मार्गिका अधिक दिसते आणि थेट मागच्या गाडीचा झोतही डोळ्यांवर कमी येतो. सुरुवातीला हे अवघडल्यासारखे वाटते, म्हणून सवय दिवसा, कमी वर्दळीच्या रस्त्यावर करावी.

काचांकडे मात्र सर्वाधिक दुर्लक्ष होते. मागच्या काचेच्या आतल्या बाजूला धूळ, ओलावा आणि उन्हात तापलेल्या प्लॅस्टिकमधून निघणारी वाफ यांचा पातळ थर साचतो. दिवसा तो जाणवत नाही, परंतु रात्री एकाच दिव्याचा प्रकाश त्यावर विखुरतो आणि संपूर्ण काच पांढुरकी होते. लांबच्या प्रवासाआधी ती मायक्रोफायबर कापडाने आतून पुसावी. काचेवर तापणाऱ्या तारा असल्यास त्या तारांच्या लांबीच्या दिशेनेच हात फिरवावा.

मागच्या काचेवर गडद फिल्म लावण्याचा मोह टाळावा. नियमांनुसार मागच्या काचेतून किमान 70 टक्के प्रकाश आरपार जायला हवा, आणि गडद काचेमुळे गाडी मागे घेताना अंधारात उभे असलेले मूल दिसणार नाही, हे कारण तर नियमाहूनही मोठे आहे.

इतके करूनही मागची गाडी चिकटूनच येत असेल, तर अचानक ब्रेक दाबून तिला इशारा देऊ नये. डावा इंडिकेटर देऊन, वेग हळूहळू कमी करून तिला पुढे जाऊ द्यावे. आपल्या गाडीत मागे माणसे आणि सामान भरलेले असताना मागची बाजू दबते आणि आपल्या दिव्यांचा झोत पुढच्या चालकाच्या आरशात चढतो. तो झोत खाली करण्यासाठी अनेक गाड्यांत स्टिअरिंगजवळ 0 पासून आकडे असलेली गोल कळ असते. किती भाराला कोणता आकडा ठेवायचा, हे गाडीसोबतच्या पुस्तिकेत पाहून निघण्यापूर्वीच तो लावून घ्यावा.