आरपीएमचा काटा नाचायचा, शेवटी असा शांत केला

जुन्या डिस्ट्रिब्युटरवाल्या (म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीपाळीने स्पार्क वाटणारा भाग असलेल्या) चार सिलेंडर गाडीत बाहेरून घेतलेली शिफ्ट लाइट (ठरावीक आरपीएमला, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांना, गिअर बदला सांगणारा दिवा, सोबत आरपीएमचा काटा) बसवली, वायर सरळ स्पार्कच्या कॉइलच्या निगेटिव्हला जोडली आणि झालं, गाडी आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) ८००वर गुरगुरतेय आणि ही बया ३०००चा लाल दिवा लावून बसलीये. आधी वाटलं सेटिंग चुकलं असेल, पण चार सिलेंडरला इंजिनच्या एका फेरीत कॉइलकडून २ पल्स (सिग्नलचे ठोके), तेच तर टाकलं होतं. अर्थिंगही घासूनपुसून झालं, फरक शून्य.

मग मित्राचा स्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) लावला तेव्हा कळलं, कॉइलचा करंट तुटला की तिथे बॅटरीचे १२ नाही, ३००च्या आसपास व्होल्ट उसळतात आणि मागे शेपटीसारखी थरथर, ती थरथरच शिफ्ट लाइटचं युनिट जास्तीचे पल्स म्हणून मोजत होतं. कॉइलजवळ सिरीजमध्ये १० किलोओहमचा अर्धा वॉट रेझिस्टर टाकला, युनिटच्या बाजूला ग्राउंडला १५ व्होल्टचा झेनर (व्होल्टेज त्याच्या वर जाऊ न देणारा डायोड) आणि थरथर गिळायला ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. वायर शील्डवाली (बाहेरचा गोंधळ अडवणारं धातूचं आवरण असलेली) घेतली, शील्ड एकाच टोकाला ग्राउंड केली, आणि प्लगच्या वायरींपासून लांबून फिरवली (आधी मी त्यांच्याच सोबत टाय मारून बांधली होती, शहाणपणा माझा). आता काटा ८००वर गप बसतो.