अळंबीचे लैंगिक आणि अलैंगिक प्रजनन घरच्या घरी कसे पाहावे

खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात पावसाळा लागला की वारुळांच्या आसपास आणि कुजलेल्या पाल्यात अळंबी उगवू लागते. मात्र या कामासाठी रानातली अळंबी घरी आणू नये. बेळगावच्या भाजीबाजारात किंवा जवळच्या उत्पादकाकडे ताजी धिंगरी (ऑयस्टर अळंबी) मिळाली, तर तेवढी पुरते.

सुरुवात लैंगिक प्रजननापासून करावी. पूर्ण उघडलेली, पण कडा न सुकलेली छत्री निवडून तिचा देठ छत्रीलगत कापावा आणि छत्रीखालची पातळ पाती कागदाकडे येतील अशी ती ठेवावी. कागद अर्धा काळा, अर्धा पांढरा असावा. वर वाटी पालथी घालून रात्रभर हात लावू नये. सकाळी छत्री सरळ वर उचलली की पात्यांची रेघ न् रेघ बारीक भुकटीने उमटलेली दिसते. धिंगरीचा ठसा पांढरा किंवा फिकट जांभळट असल्यामुळे तो काळ्या भागावर खुलतो. ही भुकटी म्हणजे बीजाणू, अळंबीचे बियांसारखे सूक्ष्म कण. ते श्वासातून गेल्यास काहींना ॲलर्जी होते, म्हणून नाकाला रुमाल बांधावा. ठशाच्या रंगावरून खाण्यायोग्यता मात्र ठरवू नये: हिरवट ठसा देणारी, गवतावर उगवणारी एक अळंबी विषारी आहे हे खरे, पण कित्येक जीवघेण्या अळंब्यांचा ठसाही पांढराच असतो.

हे बीजाणू तयार कसे होतात, ते पाहण्यासारखे आहे. पात्यांच्या पृष्ठभागावरील खास पेशींत दोन केंद्रके एक होतात, लगेच अर्धसूत्री विभाजन (जनुकसंच निम्मा करणारे पेशीविभाजन) होते आणि पेशीच्या टोकावर बहुधा चार बीजाणू धरतात, ज्यांतील प्रत्येकाचा जनुकसंच वेगळा असतो. बीजाणू रुजल्यावर निघणाऱ्या तंतूंच्या पेशीत एकेकच केंद्रक असते आणि धिंगरीत असे एकटे जाल (तंतूंचे जाळे) सहसा छत्री धरत नाही. त्याला जुळणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या जालाशी संयोग व्हावा लागतो. संयोगानंतरही दोन्ही केंद्रके एकरूप न होता पेशीत शेजारी-शेजारी नांदतात आणि पुढे छत्री येईपर्यंत तशीच राहतात. येथे नर-मादी असा भेद नसतो, संयोगाचे प्रकार असतात. शिझोफिलम कम्युन या बुरशीत ते 20,000 हून अधिक आहेत. बटण अळंबी यास अपवाद आहे: तिच्या पेशीवर बहुधा दोनच बीजाणू येतात, प्रत्येकात दोन केंद्रके असतात आणि त्यामुळे एकाच बीजाणूपासूनही पीक येऊ शकते.

अलैंगिक वाढ पाहण्यासाठी खोक्याचा नळीदार, न छापलेला पुठ्ठा फाडून उकळत्या पाण्यात भिजवावा आणि कोमट झाल्यावर पिळून घ्यावा. हात साबणाने धुऊन धिंगरी उभी चिरावी, तीही हाताने, म्हणजे आतला भाग सुरीला लागत नाही. देठाच्या आतील पांढऱ्या गराचे हरभऱ्याएवढे तुकडे पुठ्ठ्याच्या थरांत ठेवून ते उकळत्या पाण्याने धुतलेल्या बरणीत भरावेत आणि झाकण किंचित सैल ठेवावे. सावलीत ठेवलेल्या बरणीत साधारण आठवड्याभरात तुकड्यांभोवती पांढरे तंतू पसरू लागतात. हे जाल मूळ अळंबीचीच जनुकीय प्रत असते, कारण येथे संयोग किंवा अर्धसूत्री विभाजन झालेले नाही. ज्वारी किंवा गव्हाच्या दाण्यांवर वाढवलेले स्पॉनही (अळंबी लागवडीचे बियाणे) याच मार्गाने बनते. म्हणूनच चांगल्या जातीचे गुण पिकात टिकतात, बीजाणूंपासून सुरुवात केल्यास तशी खात्री देता येत नाही.

निसर्गातही अलैंगिक मार्ग आहेत. भाताच्या पेंढ्यावरील अळंबी जाड भिंतीचे बीजाणू बनवते, तर शेणावर उगवणाऱ्या काही शाईछत्र्यांचे एककेंद्रकी तंतू तुटून सुटे कण होतात आणि त्यांतूनही नवे जाल उभे राहते.

आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत बरणीत हिरवी किंवा काळी बुरशी लवकर शिरते. तसे दिसल्यास झाकण न उघडता बरणी गरम पाण्यात बुडवावी, मग पुठ्ठा टाकून द्यावा. जाल निर्मळ पांढरे राहिले, तर आधीच उकळून निथळलेल्या पेंढ्यात ते मिसळावे. बीजाणूंचा ठसा कोरडा करून कागदी पाकिटात ठेवल्यास टिकतो.